लाल दर्र्यातल्या चुका

चौबे कॉलोनी, रायपूर
६ ऑगस्ट

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही ते मुद्दाम. सहा वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. आता तुला लकवा झाला म्हणून एकदम साष्टांग नमस्कार घालणं मला जमणार नाही. माझ्या जागी तू असतास तर तुलाही जमलं नसतं.

क्षमाचा फोन आला होता. तुझी सून गुणाची आहे हे मी निरंजनच्या लग्नातच म्हटलं होतं, तेव्हा तू 'बघू' म्हणालास. आता बघतोयस ना? तिच्याकडून सगळं कळलं. हात-पाय बरेच सुधारले, काठी घेऊन अंगणापर्यंत जातोस, पण बोलत नाहीस. जीभ जड झाली, शब्द वाकडे यायला लागले. मग औषधाच्या दुकानातल्या माणसाने फोनवर तुला दोन-तीनदा 'क्या बोला? क्या बोला?' विचारलं, आणि त्या दिवसापासून तू तोंडच मिटलंस. स्पीच थेरपीच्या बाई येतात, का-कि-की म्हणा म्हणतात, तू खिडकीबाहेर बघत बसतोस. त्या बाईंनी क्षमाला स्पष्ट सांगितलंय की जे काही परत यायचं ते बहुतेक या पहिल्या महिन्यांतच येतं, आणि तेही बोलत राहिलं तरच. नाहीतर असंच राहील.

क्षमा रडत होती. "आत्याबाई, मामाजी बोलूनच नाही राहिले. समजते सगळं त्यायले. पन लाज वाटते."

लाज! इथल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या गल्लीत ओट्यावर उभा राहून तू रेडिओवरच्या त्या डाकू जोरावरचं खदाखदा हसणं हसायचास आणि शांताकाकूंची धाकटी घाबरून चड्डी ओली करायची, तेव्हा कुठे गेली होती लाज?

मी वर्ध्याला येणार नाही. पाहुणा आला की तू भिंतीकडे तोंड करतोस म्हणे, आणि बोलावल्याशिवाय मी कोणाकडे जात नाही. फोन तू कानाला लावू देत नाहीस. राहिलं पत्र. तू पेपर वाचून दाखवलेला ऐकतोस असं क्षमा म्हणाली, तर हेही तीच वाचेल. कान शाबूत आहेत ना?

रेडिओबद्दल मी बोलणार नाही. आईच्या मागे घर रिकामं करताना तू मला न विचारता बाबांचा रेडिओ भंगारवाल्याला दिलास आणि वर 'डब्बा होता तो, इंदू' म्हणालास, हे मी विसरलेले नाही. पण आज तो विषय नाही.

काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून रेडिओवरची आपली ती मालिका, 'लाल दर्रा', आठवत बसले. दर गुरुवारी संध्याकाळी. बाबा घरी असले तर हळू आवाजात, रेल्वेच्या ड्यूटीवर, गाडीवर गेलेले असले तर खणखणीत. कप्तान रणधीर, त्याचा भित्रा आणि सदा भुकेला जोडीदार मुन्ने खाँ, आणि डोंगरातली ती लाल खिंड, जिच्यात शिरलेला काफिला बाहेर पडत नसे. पहिला भाग मला अजून पाठ आहे. वारा सुटलेला. रणधीर आपल्या तुफान घोड्यावरून खिंडीच्या तोंडाशी येतो. घोडा पुढे पाऊल टाकायला तयार नाही. मुन्ने खाँ म्हणतो, 'हुजूर, जानवर समझदार है, बेवकूफ हम ही हैं.' आणि खिंडीच्या आतून कोणीतरी रणधीरला नावाने हाक मारतं. एवढ्यावर संपलं. त्या रात्री मी तुझ्या चादरीत झोपले होते.

हाक कोणाची होती ते तुला माहीत आहे. मी सांगत नाही.

इंदू

*

१६ ऑगस्ट

दादा,

काल क्षमाचा फोन. 'तुफान घोड्यावरून' असं वाचल्याबरोबर तू काठी आपटलीस म्हणे. तिला वाटलं पाणी हवं. पाणी आणलं तर ग्लास लोटून दिलास. तिने परत तेच वाक्य वाचलं, परत काठी. मग तू म्हणालास, 'सुलतान.' आणि वर, 'चूक.'

तिला काही कळलं नाही, पण दोन्ही शब्द स्वच्छ होते असं ती शपथेवर सांगत होती. त्या बाईंना इतक्या दिवसांत एक 'का' काढून घेता आला नाही, आणि माझ्या एका चुकीने दोन अख्खे शब्द. तुझं पहिल्यापासून असंच. कौतुकाला तोंड उघडायचं नाही, पण दुसऱ्याची चूक दिसली की पोटात कळ येते. माझ्या लग्नात पंगत बसली तरी तू पत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ काढत होतास. ह्यांच्याकडच्या मंडळींनी विचारलं, 'हे मास्तर आहेत का?' मी म्हटलं, नाही, नुसते भाऊ आहेत.

बरं बाबा, सुलतान. मला खरोखर तुफान वाटलं होतं. वय झालं माझंही.

आता नीट ऐक. दर बुधवारी पावणेआठला आपण रेडिओसमोर बसायचो. जाळीवरचं ते हिरवं कापड आतल्या दिव्याने उजळायचं आणि तू त्याच्याकडे असा बघायचास, जणू रणधीर त्याच्यामागेच उभा आहे. सगळ्या गल्लीत हीच मालिका. आई कधीकधी मध्येच मला हिंग आणायला पाठवायची, आणि मी रडायची नाही, कारण शांताकाकूंच्या खिडकीतून सुरू झालेलं वाक्य पुढच्या अग्रवालांच्या घरात पूर्ण व्हायचं. दुकानात पोचेपर्यंत एक अक्षर सुटायचं नाही. दुकानदारही हिंगाची पुडी बांधता बांधता थांबायचा, कारण खिंडीत कोणीतरी दगड ढकललेला असायचा.

मला मुन्ने खाँ आवडायचा. काय निधड्या छातीचा माणूस! वाघासमोर उभा राहायचा. रणधीर तसा ठीक. त्याला मिशी नव्हती, हे मात्र मी आजही सांगते. गुळगुळीत चेहरा. तुझं म्हणणं होतं मिशी आहे, आणि त्यावरून तू माझी वेणी ओढलीस. रेडिओवर मिशी दिसते का रे कुठे? पण नव्हतीच.

थेरपीच्या बाईंना माझा नमस्कार सांग. सांगता येत असेल तर.

इंदू

*

२६ ऑगस्ट

दादा,

क्षमाने या वेळी कागदावर लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. 'गुरुवार.' मग 'भित्रा.' मग 'मिशी' दोनदा, दुसऱ्यांदा ओरडून. शेजारचे बघायला आले म्हणे. येऊ देत.

आणि शेवटी, क्षमा पत्र घडी करत होती तेव्हा, कोणी काही विचारलेलं नसताना तू म्हणालास, 'कापड पिवळं होतं.'

तीन शब्द एका ओळीत. थेरपीच्या बाईंनी क्षमाला फोनवर ते परत म्हणून दाखवायला लावलं. क्षमाला त्या तीन शब्दांचं फार अप्रूप. मला दुसऱ्याच गोष्टीचं. ज्याला तू डब्बा म्हणालास, त्याच्या कापडाचा रंग तुला आठवतो. मला आधी भयंकर राग आला आणि मग बरं वाटलं, की दोन्ही एकदमच झालं, कोण जाणे. चहा उतू गेला तेवढ्यात.

हो, पिवळंच होतं. एका कोपऱ्यात बाबांच्या उदबत्तीने पडलेलं भोकही होतं. त्याबद्दल मार तू खाल्लास, कारण तू समोर बसला होतास.

वरच्या मजल्यावर शर्मिष्ठा नावाची मुलगी भाड्याने राहते. मूळची अमरावतीची, नवा रायपूरला सरकारी ऑफिसात आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, दोघींचं छान चालतं. काल विरजण मागायला आली, तर मी तिला 'लाल दर्रा' सांगत बसले. ती म्हणाली, "मौसी, मैं भी सुनती हूँ ऐसी कहानियाँ, मोबाईल पर. पूरी सीरीज एक संडे में खत्म."

मी म्हटलं, "मग मधले दिवस?"

"कौन से मधले दिवस?"

तिला ते समजावून सांगता येईना. मालिका गुरुवारी अर्धा तास असायची. खरी चालायची ती शुक्रवारपासून. रणधीर कड्यावर लोंबकळतोय, खाली मगरी आहेत, आणि तू शाळेच्या वाटेवर मला पटवतोयस की वर एक झाड असणार, कारण मागच्या वेळी पक्ष्यांचा आवाज आला होता. मी म्हणायची की मगरी झोपलेल्या असतील. सोमवारपर्यंत आपण त्याला पाच-सात तऱ्हांनी वाचवलेलं असायचं, आणि गुरुवारी तो आठव्याच तऱ्हेने वाचायचा. तेव्हा तू रेडिओवर चिडायचास. 'यायले अक्कल नाही,' म्हणायचास. रेडिओचीही चूक काढायचास तू.

जोरावरच्या तळावर रणधीर पोचतो तो भाग आठवतो का? त्यात तो वेष बदलून जातो. धोब्याचा वेष, कपड्यांचं गाठोडं पाठीवर. पहारेकऱ्याला तो म्हणतो की मी भिलाईहून आलो.

एवढंच. पाऊस आहे, पोस्टात जायला रिक्षा मिळत नाही.

इंदू

*

६ सप्टेंबर

दादा,

धोबी नाही, हकीम. भिलाई नाही, काबूल. आणि 'गाठोडं नाही, पेटी, औषधाची पेटी होती, इंदूले काही आठवत नाही,' हे सगळं एका दमात! क्षमाने मला फोनवर तुझी नक्कल करून दाखवली. बाई म्हणाल्या की वाक्य लांब होतंय, चांगली खूण आहे. बाई म्हणाल्या की हे चालू ठेवा. निरंजननेही फोन घेतला आणि घसा खाकरून 'आत्या, थँक्यू' म्हणाला. तुझ्यासारखाच आहे तो, गोड बोलताना त्याला अवघडतं.

मी आता हातात आलेलं सोडणार नाही. पुढचा भाग असा. जोरावर म्हणजे रणधीरचा सख्खा भाऊ निघाला. दोघं गळ्यात पडून रडले. जोरावरने चोरी सोडून इथल्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये पाळी धरली. मुन्ने खाँने सगळ्यांसाठी पुरणपोळ्या केल्या, आणि सुलतान घोड्याने दोन खाल्ल्या.

कर आता काय करायचं ते.

इंदू

*

१७ सप्टेंबर

दादा,

पुरणपोळ्या जरा जास्त झाल्या, कबूल.

क्षमाने सगळं सांगितलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस, काठी आपटली नाहीस. मग डाव्या हाताने पत्र मागून घेतलंस, स्वतः बघितलंस, उशीखाली सरकवलंस आणि भिंतीकडे वळलास. त्यानंतर 'चूक'सुद्धा नाही. बाई आल्या तर डोळे मिटून पडलास. क्षमा विचारते जेवता का, तू मान हलवतोस. चहा? मान. पंखा बंद करू? मान.

"आत्याबाई, त्यायले समजलं," क्षमा म्हणाली. "तुम्ही मुद्दाम चुका करून राहिल्या ते. मामाजीले वाटलं का आपली गंमत चालू आहे."

मुद्दाम करत होते. घोड्याचं नाव सोडलं तर सगळ्या मुद्दाम. पण गंमत नव्हती ती. तुला बोलतं करायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. 'दादा, बोल ना रे' असं लाडीगोडीने म्हटलं असतं तर तू बोलला असतास? जन्मात नाही. तुला मी ओळखते. तुला चूक सहन होत नाही, म्हणून मी चुका पाठवल्या. आजारी माणसाला आवडीचं खायला पाठवतात, तसं.

तुला राग आला असेल तर ये, भांड. पण तोंडाने भांड. मला खरं सांगायचं तर भीती वाटते. सहा वर्षं आपण बोललो नाही, पण त्यात माझी एक सोय होती. मला वाटायचं की हा माझ्यावर रागावून गप्प आहे, एक दिवस याला राहवणार नाही, फोन करेल, चार शब्द सुनावेल, आणि मी आठ सुनावीन. आता तू कायमचाच गप्प झालास तर मी कोणाशी भांडू? आपल्या घरातलं दुसरं उरलंय कोण?

आणि मान हलवणं बंद कर. तुला आठवतं, मी सहावीत असताना शाळेतर्फे रेडिओ स्टेशनात मुलांच्या कार्यक्रमाला गेले होते? छोटंसं नाटक होतं. माझ्या वाट्याला चार वाक्यं आणि एका जागी नुसतं 'हो' होतं. मी 'हो' म्हटलंच नाही, जोराने मान हलवली. दोन पोनीटेल हलल्या, छान वाटलं मला. तिथल्या बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि म्हणाल्या, "बेटी, यहाँ सिर हिलाओगी तो सुननेवाले के लिए तुम हो ही नहीं. गयी तुम कमरे से. 'हूँ' तो करो." घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की बाबा बाहेर आले. त्यानंतर महिनाभर मी कशालाही मान हलवली की तू म्हणायचास, 'आई, इंदू कुठं गेली? दिसत नाही.'

मग मी आता काय म्हणू, ते तूच सांग.

मालिकेतलं आज चुकीचं काही लिहिणार नाही. फक्त एक गोष्ट विचारायची आहे आणि ती खरी आहे. शेवटचा भाग मी ऐकलेला नाही. रेडिओवर ऐकलेला नाही. त्या गुरुवारी आई मला धमतरीला घेऊन गेली होती, तिच्या मामेबहिणीचं लग्न. अरुंद रुळांच्या त्या छोट्या रेल्वेगाडीत मी धमतरीपर्यंत रडत होते आणि सगळ्या डब्याला माझी कीव आली, आई सोडून. तुला परीक्षा म्हणून ठेवलं. आम्ही परत आलो त्या दिवशी तू मला बुढा तालाबाच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलंस आणि अख्खा भाग करून दाखवलास. सगळ्यांचे आवाज तुझे. मी नेहमीप्रमाणे करवंट्यांनी टापा वाजवल्या, सुपात डाळ घोळवून पाऊस पाडला. म्हणजे शेवटचा भाग मला माहीत आहे तो फक्त तुझ्या तोंडून. दुसरीकडे तो कुठे नाही. शर्मिष्ठाने मोबाईलवर शोध शोध शोधला, तिला मालिकेचं नावसुद्धा सापडलं नाही.

आणि मला तो आता आठवत नाही. शपथ. रणधीर दोराला धरून विहिरीत उतरतो, कंदील विझतो, एवढं आहे. वर मुन्ने खाँ दोर धरून असतो, जन्मभर भित्रा, पण तेव्हा सोडत नाही, त्याचे तळवे सोलून निघतात. तिथपर्यंत. जोरावर येतो का, रणधीर वर येतो का, कसा येतो, काही नाही. काल मी ओट्याशी उभी राहून जोर लावून बघितला. नाही.

तू गेलास की ते गेलं. तू गप्प राहिलास तरी तेच.

मी पुन्हा विचारणार नाही.

इंदू

*

४ ऑक्टोबर

दादा,

इतके दिवस फोन नाही, म्हणून मी समजून चुकले होते की गेलं सगळं. क्षमाला विचारायची हिंमत होईना. रोज उठून ठरवायची आणि भाजी चिरायला बसायची. तर परवा दुपारी तिने मोबाईलवर काहीतरी पाठवलं, खाली नुसतं लिहिलेलं, 'मामाजींनी सांगितलं की आत्याबाईंना पाठव.' मला ते उघडता येईना. शर्मिष्ठाला सुट्टी होती, तिला हाक मारली. तिने ओट्यावर डब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि लावून दिला.

तुझा आवाज बदललाय. तोंडात लाडू असल्यासारखा येतो, 'र' तर जवळजवळ गेलाच आहे, आणि एकेका शब्दाआधी तू इतका वेळ घेतोस की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा ऐकताना मी पदर तोंडाशी धरला. पण मग तू मुन्ने खाँ झालास. तसाच रडका, नाकातून. 'हुजूर, रस्सी पुरानी है, और मैं उससे भी पुराना.' दादा, हे वाक्य मी विसरले होते! मी एवढ्या मोठ्याने हसले की शर्मिष्ठाने थांबवून मागे नेलं आणि आम्ही ते परत ऐकलं.

जोरावरचं हसणं तुला जमलं नाही. ठसका लागला. क्षमा मागून म्हणाली, "राहू द्या नं मामाजी." तू पाणी प्यायलास आणि पुन्हा हसलास, आणि या वेळी पूर्ण हसलास. शर्मिष्ठाच्या अंगावर काटा आला, तिने मला हात दाखवला.

आणि ते मधेमधे थांबणं. 'अंधेरे में सुलतान आया' म्हणालास आणि गप्प. क्षमा घाबरली, तिला वाटलं शब्द अडकला. 'पानी देऊ? आठवून नाही राहिलं काय?' आणि तुझं ते 'श्श!' बिचारी. तिला काय माहीत की तिथे टापा आहेत. तू टापांसाठी थांबला होतास. विजेला थांबलास, पावसाला थांबलास, माझ्यासाठी जागा सोडत गेलास. पहिल्यांदा मला उशिराच कळलं. दुसऱ्यांदा ऐकताना मी दोन वाट्या घेतल्या आणि ओट्यावर टापा वाजवल्या. पावसाला सूप नव्हतं, चाळणीत तूरडाळ घेतली. शर्मिष्ठा म्हणाली, "मौसी, ये क्या कर रही हो?" तिला म्हटलं, कामात आहे मी.

शेवट ऐकताना मात्र मी हात थांबवले.

कंदील विझला. रणधीर खाली, पाणी वर चढतंय. जोरावर पायऱ्या उतरतोय. तू म्हणालास, 'मुन्ने खाँ डरके भाग गया.' मग थांबलास. या वेळी कसलाच आवाज नव्हता तिथे, नुसता थांबलास. मग मराठीत, अगदी हळू, 'दोर इंदूने धरला.' पुढे म्हणालास की तिचे तळवे सोलले, रक्त आलं, वर जोरावर हसत होता, पण पोट्टीने दोर सोडला नाही, आणि रणधीर वर आला. 'खतम,' म्हणालास. मग क्षमाचं नाक ओढणं ऐकू आलं आणि बंद झालं.

शर्मिष्ठा म्हणाली, "पर मौसी, आपने तो बताया था कि रस्सी…" तिला मी कोथिंबीर निवडायला दिली.

संध्याकाळी क्षमाचा फोन आला. म्हणाली, "आत्याबाई, मामाजी दुपारपासून विचारून राहिले. चार येळा विचारलं. म्हणतात, इंदूले विचार, काही चुकलं काय?"

तिला मी म्हटलं, तुम्ही नका सांगू, मी लिहिते.

काही चुकलेलं नाही, दादा. असंच होतं.

इंदू